होडी, लाकडी, नग एक

"डाव्या अंगाला हात घाल. पेटीच्या मागे. आणि ओढू नकोस, उचल," पलंगावरून अप्पा म्हणाले.

त्यांची लेक पलंगाखाली कमरेपर्यंत शिरली होती. गुडघे कुरकुरत होते, केसांत जळमट अडकलं होतं. हाताला फडक्याची गाठ लागली तशी ती म्हणाली, "सापडली हो."

"सापडायला ती हरवली होती कुठे? माणसं जागा सोडतात. हत्यार नाही सोडत."

तिने फडकं सोडून ती वस्तू अप्पांच्या मांडीवर ठेवली. वीतभर लांब, भरीव लाकूड. एक टोक निमुळतं, दुसरं बोथट, पोट सपाट, दोन्ही बाजूंना एकेक लांबट खाच. अप्पांच्या डोळ्यांवर गेली चार वर्षं दुधाच्या सायीसारखा पडदा होता, पण त्यांची बोटं न विचारता खाचांत जाऊन बसली. साठ वर्षं शिवणकाम केलेली बोटं ती.

ही थापी. जाड कोटाची शिवण ओल्या फडक्याखाली इस्त्रीने शेकायची, वाफ उठली की इस्त्री बाजूला करून ही थापी वर दाबायची आणि कापड निवेपर्यंत धरून ठेवायची. लाकूड वाफ पितं आणि शिवण अशी बसते की जन्मात उठत नाही. अप्पांना ती त्यांच्या मास्तरांनी दिलेली. हात थकले, मशीन गेलं, कात्र्या गेल्या. थापी तेवढी राहिली.

"आज ठेव त्यांच्यासमोर. मग बघू कोण माईचा लाल हिला होडी म्हणतो ते," अप्पा म्हणाले. "आणि संध्याकाळी परत आण हो. हौस म्हणून देत नाहीये, साक्षीला पाठवतोय."

"आणते."

"कोट बघू."

गणवेशाचा करडा कोट तिने पुढे धरला. छातीवर कापडी बिल्ला होता, त्यावर 'परिचर' अशी अक्षरं. अप्पांनी बिल्ल्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "वरचा टाका सुटलाय."

"घालते ना."

"कच्चाच घाल."

"तीस वर्षं कच्चाच घालतेय, अप्पा."

नोकरीच्या पहिल्या सकाळी अप्पांनी स्वतः तो बिल्ला लांब-लांब कच्च्या टाक्यांनी नुसता अडकवला होता. म्हणाले होते, "तात्पुरती नोकरी, तात्पुरता टाका. साहेबीण झालीस की उसवायला सोपं." तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी बिल्ला लोंबकळायचा आणि ती तो पुन्हा तसाच अडकवायची. कोट सात झाले, बिल्ला तोच.

*

संग्रहालयात तिला सगळे 'होडीबाई' म्हणत. दालन क्रमांक चार, घरगुती वस्तू. दाराशी खुर्ची, आणि खुर्चीसमोरच्या काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर, ती. खाली पट्टी : 'खेळण्यातील होडी. लाकूड.'

हातात काम एवढंच, की "हात लावू नका" म्हणायचं आणि पाच वाजता खिडक्या लावायच्या. पण दालन उघडलं की आधी ती मऊ फडक्याने तेवढी एक काच पुसायची, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. सांगितलं नव्हतं कुणी. नेम होता.

या खुर्चीवर येण्याआधी तिने दोन वर्षं घराबाहेर राहून संग्रहालयशास्त्राची मोठी पदवी घेतली होती, हे आता दोघा-तिघांनाच ठाऊक असेल. तेव्हा नात्यातले अप्पांना विचारायचे, "मुलगी शिकते म्हणजे नक्की काय करते?" अप्पा मशीनवरून मान वर न करता सांगायचे, "जुन्या वस्तू सांभाळायला शिकतेय. म्हातारपणी माझीच सोय!" लोक हसायचे. पुढे ते अक्षरशः खरं झालं, आणि मग कुणी हसलं नाही.

त्या विभागात एक मोठ्या बाई शिकवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी चौदाही जणांच्या हातात सुती हातमोजे आणि एकेक कच्चं अंडं दिलं आणि म्हणाल्या, या व्हरांड्याच्या टोकाला नेऊन ठेवा. सगळे निघाले. टोकाला पोहोचल्यावर कळलं, तिथे टेबलच नाही. अंडं हातात घेऊन चौदा जण उभे. कुणी खाली बसलं, कुणी अंडं खिशात घातलं, दोन फुटली. बाई शांतपणे म्हणाल्या, "उचलण्याआधी ठेवायची जागा ठरवायची. वस्तू हातात धरून जागा शोधत फिरणारा माणूस वस्तू फोडतो." तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

दोन वर्षांत ती वस्तू सहा बाजूंनी रेखाटायला शिकली, वाळवीची भोकं जुनी की ताजी हे ओळखायला शिकली, आणि सगळ्यात चांगली शिकली ती पट्टी लिहायला. चाळीस शब्दांच्या आत, सात वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याला एकदमच कळली पाहिजे अशी. त्या एका विषयात ती पहिली आली होती. तिला तेव्हा वाटायचं, जगात वस्तू इतक्या आहेत, पट्ट्या लिहून लिहून आयुष्य पुरायचं नाही.

मग इथल्या सहायक संग्रहपालाच्या जागेची मुलाखत. तीन साहेब टेबलापलीकडे. मधल्यांनी हसून विचारलं, "आमचं संग्रहालय पाहिलंत ना? काही उणं दिसलं का?" असं विचारलं की "छे छे" म्हणायचं असतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ती म्हणाली, "चार नंबरच्या दालनातली होडी होडी नाही. आतून पोकळ नाही, सबंध भरीव आहे. ती शिंप्याची थापी आहे, आमच्या घरी आहे तशी."

ती पट्टी मधल्या साहेबांनीच लिहिली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब म्हणाले, "शिंप्याच्या मुलीला सगळीकडे शिवणच दिसणार," आणि उरलेले दोघे हसले. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तिला महिन्याने पत्र आलं : परिचर म्हणून तात्पुरतं यायचं असेल तर या, वर जागा निघाली की बघू. अकरा महिन्यांचा हुकूम, मध्ये एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. त्या खंडाच्या दिवशी ती घरी बसून विचार करायची, आज मी नक्की कोण? वर जागा काही निघाली नाही. निघाली तेव्हा वय उलटून गेलं होतं.

खुर्ची मात्र त्यांनी अगदी नेमकी त्याच कपाटासमोर दिली. मुद्दाम की सहज, हे तिला कधी कळलं नाही.

*

गेल्या आठवड्यात नवी अधिकारी मुलगी दालनात जमिनीवर मांडी घालून नव्या पट्ट्यांची यादी करत होती. दालन पाडून नव्याने बांधायचं होतं. पट्ट्या एकदा छापल्या की पुढची तीस वर्षं बघायला नको. मुलगी पुटपुटली, "होडी... लाकूड..."

"ती होडी नाही," ती म्हणाली.

"मावशी, तुम्हाला काय माहीत?"

मग तिने सांगितलं. थापी, वाफ, अप्पा. आणि बोलण्याच्या ओघात मोठ्या बाईंचंही नाव निघालं. मुलगी उठून उभी राहिली. "म्हणजे तुम्ही आमच्याच विभागातल्या? मॅडम, मग तुम्ही इथे... म्हणजे..." पुढचं ती बोलली नाही. शहाणी होती.

"अजून अंडं देतात का गं हातात?" तिने विचारलं.

"नाही मॅडम. आता ते सगळं संगणकावर असतं."

"फुटत नसेल मग."

मुलगी हसली, पण लगेच गंभीर झाली. "जोडीची वस्तू आणाल? समोरासमोर ठेवली की पुरावा होतो. साहेब शुक्रवारी यादीवर सही करणार आहेत. मी बोलते, मॅडम. मी आहे."

तीस वर्षांत तिला 'मॅडम' असं पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. घरी जाऊन तिने अप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "दोनदा म्हणाली की एकदाच?"

आज तो शुक्रवार होता. फडक्यात गुंडाळलेली थापी छातीशी धरून ती फाटकातून आत आली ती थेट चार नंबरात. मुलीने भिंग आणलं होतं. कपाट उघडलं. तीस वर्षांनी त्या दोन वस्तूंमधली काच पहिल्यांदा बाजूला झाली. मुलीने दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या, उलट्या केल्या. दोन्हींची पोटं वाफेने पांढुरकी पडलेली, दोन्हींच्या खाचा सारख्याच.

"मॅडम, जुळ्या बहिणी आहेत हो!" मुलगी म्हणाली. मग मुलीने मापं घेतली, फोटो काढले. इकडे आपण रडू की काय असं वाटून होडीबाई खिडकी लावायला गेली. खिडकी लावलेलीच होती.

बारा वाजता संचालक साहेब आले. उभ्याउभ्याच बोलायची त्यांना सवय होती.

"काय म्हणणं आहे?"

"सर, या आमच्या मावशी," मुलगी म्हणाली, "त्यांचं असं म्हणणं आहे, की ही वस्तू..."

मावशी. तिने ऐकलं आणि हात कोटाच्या खिशात घातले.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग अप्पांची थापी उचलली, वरखाली पाहिली. "ही कुणाची?"

"माझ्या वडिलांची, सर. शिंपी होते. हे हत्यार आहे."

"म्हणजे घरची होडी आहे तुमच्याकडे." ते स्वतःच्याच विनोदावर हसले. वाईट माणूस नव्हता. समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा बाई, नव्या इमारतीत इथे मुलांचं दालन होतंय. दारावर होडीचं चित्र जाणार, तिकिटावर होडी आहे, फलक छापून आलेत. मुलं काय बघायला येतील? शिंप्याचं लाकूड?" मग मुलीकडे वळून, "तुमचं शास्त्रीय मत काय? खात्रीने सांगता येईल?"

मुलीने भिंगाकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

"तसं... निश्चित असं नाही सांगता येणार, सर."

"झालं तर मग. होडी राहू दे."

साहेब गेले. मुलगी बराच वेळ फीत गुंडाळत राहिली. ती फीत काही एवढी लांब नव्हती.

"मावशी, माझा हुकूम पुढच्या महिन्यात संपतो," शेवटी ती खालच्या आवाजात म्हणाली.

"अकरा महिन्यांचा?"

"हो."

"मधे एक दिवस खंड देतात. त्या दिवशी घरी बसू नकोस," ती म्हणाली. "कुठेतरी जात जा."

तिला राग आला नाही. मुलाखतीतल्या एका वाक्याची किंमत काय होते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पोरीने न बोलून जागा राखली. ती स्वतः तेव्हा बोलली होती. दोघी बसणार त्याच इमारतीत.

*

पाच वाजता तिने दालनाच्या खिडक्या लावल्या. उद्यापासून दालन बंद, वस्तू कोठीत, आणि बांधकाम संपेपर्यंत कोठीला मोहोर. दीड वर्ष म्हणत होते. म्हणजे तीन धरायची. थापी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली आणि ती फाटकाशी आली.

"ताई, पिशवी," फाटकावरचा शिपाई सवयीने म्हणाला. पिशवी पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. "ताई, हे काय?"

"माझं आहे. घरून आणलेलं."

"सकाळची चिठ्ठी?"

तेव्हा तिला नियम आठवला. बाहेरची कुठलीही वस्तू आत आणताना फाटकावर नोंद करून चिठ्ठी घ्यायची. नाहीतर ती बाहेर जाताना संग्रहालयाची समजायची. हा नियम याच शिपायाला, तो नवा असताना, तिनेच शिकवला होता. एका चित्रकाराची फुटपट्टीसुद्धा तिने अडवलेली त्याला आठवत होती. आणि आज ती स्वतः विसरली. कशी विसरली? तीस वर्षांत पहिल्यांदाच ती बाहेरची वस्तू घेऊन आत आली होती, आणि थापी ही वस्तू आहे हेच तिच्या मनात आलं नव्हतं. ती अप्पांची थापी होती.

"ताई, तुमच्यावर का माझा विश्वास नाही? पण हुबेहूब आतल्यासारखीच आहे. उद्या मोजदाद. एखादी कमी भरली तर माझी मान जाईल हो."

"आतली आत आहे. नव्या मॅडमना विचार."

त्याने फोन लावला. बराच वेळ "हो मॅडम, हो मॅडम" म्हणाला. मग फोन ठेवून तिच्याकडे न पाहता म्हणाला, "साहेबांच्या पत्राशिवाय सोडता येणार नाही म्हणतात. साहेब दौऱ्यावर निघाले. तोवर कोठीत ठेवा म्हणाल्या." जरा थांबून म्हणाला, "रडत होत्या बहुतेक."

त्याने नोंदवही उघडली. अक्षर वळणदार होतं त्याचं. 'होडी, लाकडी, नग एक.'

"थापी लिहा," ती म्हणाली.

"थापी म्हणजे काय, ताई? वरून विचारलं तर मी काय सांगू? तिच्यासारखीच आहे ना. मग होडीच."

त्याने पेन पुढे केलं. तिने पिशवीतून फडकं काढलं, थापी टेबलावर ठेवण्याआधी नेमाप्रमाणे जागा पाहिली. तिथे चहाचा ओला गोल उमटला होता. तो तिने फडक्याने पुसला आणि मग थापी ठेवली. सही केली. सहीखाली पद लिहायचं होतं, तेही लिहिलं.

*

"आलीस?" चपलांच्या आवाजावरूनच अप्पा उठून बसले. "दाखवलीस?"

"दाखवली."

"मग?"

चपला काढायला तिने जरा वेळ लावला. "पटलं त्यांना."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"बघ! तीस वर्षं घोडं पेंड खात होतं, दोन वस्तू शेजारी ठेवायला." अप्पांनी हात पुढे केला. "आण इकडे."

"तिथेच ठेवून घेतली, अप्पा. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवणार आहेत. काचेत."

"काचेत," अप्पा म्हणाले. हात काही क्षण तसाच पुढे राहिला, मग मांडीवर आला. "माझी थापी काचेत. मास्तर असते तर म्हणाले असते, काम कोण करणार मग?" ते हसले. "आणि पट्टीवर काय लिहिलं?"

याचं उत्तर तिला शोधावं लागलं नाही. ते तिच्यापाशी तीस वर्षं तयार होतं. काच पुसताना रोज एकदा मनात म्हटलेलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि वाचावं तसं म्हणाली :

"शिंप्याची थापी. लाकूड. जाड कापडाची शिवण वाफेने मऊ करून तिच्यावर ही दाबून धरीत. लाकूड वाफ पिऊन घेई. निवेपर्यंत धरली की शिवण कायमची बसे. दोन्ही बाजूंच्या खाचा बोटांसाठी. अंगठ्याची झीज उजवीकडे आहे : कारागीर डावखुरा असावा."

अप्पा ऐकत होते.

"डावखुरा होता?"

"हो. खाचेवरून कळतं."

"हे त्या मुलीने लिहिलं?"

"हो."

"एका दिवसात?"

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. अप्पांनी तोंड तिच्या दिशेने वळवलं होतं, जणू त्यांना दिसत होतं.

"कोट आण," ते म्हणाले.

"कशाला? सकाळीच टाका घातलाय."

"आण."

तिने पिशवीतलं रिकामं फडकं पलंगाच्या कडेला ठेवलं आणि कोट आणून दिला. अप्पांच्या बोटांनी बिल्ला शोधला, कडेचे लांब-लांब टाके चाचपले आणि नखाने एकेक करून ओढून काढले. बिल्ला मोकळा झाला. त्यांनी तो फेकला नाही. पुन्हा जागच्या जागी ठेवला, अंगठ्याने सरळ केला.

"सुईत दोरा ओव. दुहेरी घे."

"अप्पा, दुहेरी कशाला? कच्चाच तर—"

"कच्चा नको आता."

तिने सुई ओवून त्यांच्या हातात दिली. अप्पा शिवू लागले. उलट टीप, एक पुढे अर्धी मागे, बारीक, ज्या टाक्याला उसवायचं म्हटलं तर कापड फाटतं तो. दोनदा सुई बोटात घुसली, पण ते थांबले नाहीत, आणि तिनेही हात पुढे केला नाही. चारही बाजू झाल्या. त्यांनी गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

मग सवयीने त्यांचा उजवा हात पलंगाच्या कडेला गेला आणि चादरीवर काहीतरी शोधत राहिला. नुसतं फडकं हाताला लागलं. अप्पांनी ते बाजूला सारलं, बिल्ल्यावर आपला तळहात ठेवला आणि सगळा भार देऊन ते तसेच बसून राहिले, कापड निवायची वाट बघत.